मासी मिळेपर्यंत

२०२५च्या मे महिन्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण डॉक्टरांनी बजावलं की आता बरेच महिने वाकायचं नाही, जड काही उचलायचं नाही. आणि आमच्याकडे तेव्हा तेरा महिन्यांचा धाकटा, नुकता भिंतीला धरून उभा राहायला लागलेला. थोरली पाच वर्षांची. नवरा हालोलच्या कारखान्यात, सकाळी सातला कंपनीच्या बसने जाणारा. मी अलकापुरीत बँकेत. मुलं कुणापाशी ठेवायची हा प्रश्न आमच्या घरात तोवर कधी निघालाच नव्हता, कारण आजी होती.

आधी पाळणाघरं बघितली. बडोद्यात आम्ही मराठी माणसंही त्याला घोडियाघरच म्हणतो. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आईला दिवसातून चार वेळा मुलापाशी जायची मुभाही मिळाली. पण आमच्या शाखेत आम्ही सगळे मिळून अठरा जण, तिथे कसलं पाळणाघर! कारेलीबागेत घराजवळ दोन होती. एकात स्वच्छता होती, पण एका खोलीत चौदा मुलं आणि दोन बायका. दुसऱ्याच्या जिन्याला दारच नव्हतं. शिवाय सासूबाई पलंगावर, त्यांना घरात एकटं कसं ठेवणार? तेव्हा घरी येणारी बाई शोधायची असं ठरलं. माझी रजा संपायला बारा दिवस उरले होते.

या बारा दिवसांच्या घाईत मी एका एजन्सीला फोन केला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी एका बाईंना पाठवलं. एका महिन्याचा पगार एजन्सीला द्यायचा, बदल्यात "पोलीस व्हेरिफिकेशन झालेली, अनुभवी आया". बाई नीटनेटक्या होत्या, बोलायला गोड. मी विचारलं, "मुलांची आवड आहे ना?" त्या म्हणाल्या, "मुलं म्हणजे देवाघरची फुलं." आधीच्या घराचा नंबर मागितला तर एजन्सीने एक दिला. पलीकडून एक बाई म्हणाली, "एकदम सरस, काही बघायला नको." माझं समाधान झालं. व्हेरिफिकेशनचा कागद म्हणून जो मिळाला तो मी नीट वाचलासुद्धा नाही. फायलीत ठेवून दिला.

पहिले काही आठवडे मला वाटलं, आपलं नशीब चांगलं. धाकटा दुपारी शांत झोपायला लागला. एरवी दीड तासात उठणारं पोर बारा वाजता झोपून चार-चार वाजेपर्यंत उठत नसे. मी बँकेतल्या मैत्रिणींना कौतुकाने सांगायची की बाईंच्या हाताला काहीतरी गुण आहे. संध्याकाळी तो मलूल असायचा, मांडीवर डोकं टाकून पडून राहायचा. उकाडा आहे, दात येताहेत, अशी कारणं मीच काढायची. सासूबाईंनी पलंगावरून दोनदा विचारलं, "अगं, हा इतका का झोपतो?" त्यांच्या खोलीतून हॉल दिसत नाही. मी म्हटलं, "झोपतोय ते चांगलंच आहे ना."

जुलैच्या पहिल्या रविवारी स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळाकडे लाल मुंग्यांची रांग जाताना दिसली. मला वाटलं, गुळाचा डबा उघडा राहिला असेल. स्टूल घेऊन चढले तर रांग मिक्सरच्या खोक्यामागे गेली होती, आणि तिथे थोरलीच्या हिवाळ्यातल्या सर्दीच्या औषधाची बाटली. झाकणाखालच्या आट्यांवर ओला, चिकट ओघळ. मुंग्या त्यालाच लागलेल्या. फेब्रुवारीत ते औषध पाच दिवस दिलं होतं आणि बाटली अर्ध्याच्या वर भरलेली मी स्वतः ठेवली होती. आता तळाशी दोन बोटंसुद्धा नव्हतं. ती बाटली हातात धरून मी स्टुलावर किती वेळ उभी होते, मला आठवत नाही.

सोमवारी विचारलं तेव्हा बाई आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, "बाबाला सर्दी वाटली म्हणून थोडं थोडं दिलं, बेन." रोज? त्यावर त्या गप्प बसल्या.

त्याच दिवशी धाकट्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाटलीवरची घटकद्रव्यं वाचली, क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलएफ्रिन, आणि सांगितलं की हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, अशी सूचना देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिली आहे, लेबलवर तसं छापायलाही सांगितलं आहे. यातल्या पहिल्या औषधाने गुंगी येते. त्यांनी छाती तपासली, वजन केलं, तो ठीक होता. ठीक होता हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं.

बाईंना त्याच दिवशी हिशेब करून निरोप दिला. एजन्सीला लेखी कळवलं. त्यांनी उत्तरादाखल दुसरी बाई "लगेच पाठवतो" म्हटलं. तेव्हा कुठे मी तो फायलीतला कागद काढून वाचला. ती फक्त अर्जाची पावती होती, आधार कार्डाच्या झेरॉक्सला टाचलेली. चौकशी पूर्ण झाल्याचं त्यात कुठेही नव्हतं. आणि जिने "एकदम सरस" म्हटलं होतं तो नंबर बाईंच्या मामेबहिणीचा निघाला. हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळू शकलं असतं. पावती आणि दाखला यांतला फरक मी बँकेत रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगते, आणि माझ्या मुलाच्या बाबतीत मी तो बघितला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

नवऱ्याने बिनपगारी रजा काढली. त्या दोन-अडीच आठवड्यांत खऱ्या अर्थाने शोध सुरू झाला, आणि त्याची सूत्रं सासूबाईंनी पलंगावरून हलवली. त्यांनी तीस वर्षं बालवाडी चालवली आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर ताराबाई मोडकांनी काम केलं आणि तिथून मराठी बालशिक्षणाची वाट निघाली, हे त्या फार अभिमानाने सांगतात. गुजरातेत राहणाऱ्या मराठी शिक्षिकेला तो आपल्या घरचाच इतिहास वाटतो. त्या म्हणाल्या, "मुलं आवडतात का, हे विचारू नकोस. नाही असं कोण सांगेल? घडलेलं विचार. मागच्या घरी मूल पडलं तेव्हा तुम्ही काय केलंत, असं विचार. आणि ती मुलाशी बोलताना किती खाली बसते ते बघ."

मी दुसरा एक प्रश्न माझा घातला. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर घरीच होते, पण समोरच्या फ्लॅटमधली आई नदीच्या पलीकडे अडकली. पूल बंद, खाली सोसायटीत पाणी, वीज गेलेली. त्यांच्याकडची बाई त्या रात्री आपल्या घरी न जाता मुलाला कुशीत घेऊन बसून राहिली. माझं ऑफिसही नदीच्या पश्चिमेला आहे आणि घर पूर्वेला. म्हणून मी प्रत्येकीला विचारायचं ठरवलं, "मी रात्री पोहोचू शकले नाही तर?"

या वेळी एजन्सी नको म्हटलं. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या नर्सला, थोरलीच्या शाळेतल्या आयाबेनला, दांडिया बाजारातल्या नातेवाइकांना सांगून ठेवलं. आठवड्यात तिघीजणी येऊन गेल्या.

पहिली म्हणाली, "माझ्या हातून मूल कधी पडलंच नाही." सोळा वर्षं मुलं सांभाळली आणि एकही पडलं नाही? मला तो दावा ऐकूनच नको वाटलं. दुसरी तरुण, चटपटीत, मला मनापासून आवडली. पण वाघोडिया रोडच्या पलीकडून दोन रिक्षा बदलून यायची आणि तिचं स्वतःचं मूल दोन वर्षांचं. पुराच्या रात्रीचा प्रश्न विचारल्यावर ती प्रामाणिकपणे म्हणाली, "मला माझ्याकडे जावंच लागेल, बेन." बरोबरच होतं तिचं. तिला मी आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याकडे अर्धवेळ काम मिळवून दिलं.

तिसऱ्या आल्या त्या सलाटवाड्यातून चालत. वय बावन्न, नवरा नाही, मुलगी लग्न होऊन आणंदला. आल्या, पाय धुतले, हात धुतले आणि धाकटा जमिनीवर खेळत होता तिथे मांडी घालून बसल्या. माझ्याशी बोलत होत्या आणि त्याच्याकडे एक वाटी सरकवत होत्या. त्याला उचलायची घाई केली नाही. थोड्या वेळाने तोच त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला.

मी पडण्याचा प्रश्न विचारला. त्यांनी जरा थांबून सांगितलं, "पडलाय, बेन, दोनदा पडलाय. पण त्याहून वाईट म्हणजे एकदा मी इस्त्री करताना त्या घरच्या मुलाचं बोट भाजलं. इस्त्री मी खाली ठेवली होती, चूक माझी. मी त्यावर टूथपेस्ट लावली. डॉक्टर खूप रागावले. म्हणाले, वीस मिनिटं नळाखाली धरायचं, दुसरं काही लावायचं नाही. तेव्हापासून मूल जागं असेल तर मी इस्त्रीला हात लावत नाही." मग माझ्याकडे बघून गुजरातीत म्हणाल्या, "खोटुं नहीं बोलुं, बेन." आतल्या खोलीत सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. आमच्यात ती पसंतीची खूण ठरलेली नव्हती, पण मला कळलं.

तरीही या वेळी घाई करायची नव्हती. त्यांनी दोन घरांचे पत्ते दिले. मी फोन केले नाहीत, दोन्हीकडे स्वतः गेले. निझामपुऱ्यातल्या घरात बोट भाजलेल्या मुलाची आई भेटली. इस्त्रीची गोष्ट तिने न विचारता सांगितली, अगदी तशीच. तक्रार विचारली तर म्हणाली, "बोलतात फार, आणि मुलगा नको म्हणाला तरी दोन घास जास्त भरवतात." मला ही तक्रार ऐकून बरं वाटलं. जिच्याबद्दल कुणाला काहीच खुपत नाही, तिच्याबद्दलची शिफारस मी आता पटकन मानत नाही. मी शेवटचं विचारलं, "परत ठेवाल का?" ती म्हणाली, "मुलगा शाळेत गेला म्हणून थांबवलं. दुसरं झालं असतं तर सोडलंच नसतं."

पोलिसांकडची नोंद आम्ही स्वतः केली. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर घरकामाला ठेवलेल्या माणसाची माहिती भरता येते. फोटो, आधार, इथला पत्ता, मूळ गावचा पत्ता. हे सांगताना मला अवघड वाटत होतं. बावन्न वर्षांच्या बाईला पोलिसांचं नाव काढून कसं सांगायचं? नवऱ्याने मार्ग काढला. त्याने एका कार्डावर आमची दोघांची पूर्ण नावं, दोन्ही ऑफिसांचे पत्ते, माझ्या बहिणीचा आणि त्याच्या काकांचा नंबर लिहून ते त्यांना दिलं. म्हणाला, "तुम्ही आमच्या घरात दिवसभर एकट्या असणार. आमचीही सगळी माहिती तुमच्या घरी असू द्या, तुमच्या मुलीलाही द्या." त्यांनी कार्ड पदराच्या टोकाला बांधलं आणि आधार कार्ड काढून दिलं. पगार महिना १३,००० रुपये, महिन्यात चार सुट्ट्या, दिवाळीला एक पगार वर, हे सगळं एका कागदावर लिहून त्यांना वाचून दाखवलं.

मग एक आठवडा, पूर्ण पगारी, मी घरात असताना. पहिल्या दिवशी दोन तास, शेवटच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मी सासूबाईंच्या खोलीत दार लोटून बसायची. त्या आठवड्यात बघितलेल्या दोन गोष्टींनी माझा निर्णय पक्का झाला. एक म्हणजे, न्हाणीघरातली अर्धी भरलेली बादली त्यांनी दर वेळी रिकामी करून पालथी घातली. मी सांगितलं नव्हतं. रांगणारं-चालणारं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, हे मला डॉक्टरांकडून माहीत होतं, त्यांना अनुभवाने. दुसरं, थोरली सोफ्यावर बसून लीलो चेवडो खात होती, त्यातली तळलेली चणाडाळ आणि शेंगदाणे खाली सांडले होते, आणि धाकटा तिकडे निघाला होता. मासींनी (या तिसऱ्या बाईंना आम्ही मासी, म्हणजे मावशी, म्हणायला लागलो होतो) आधी त्याला उचललं, मग फरशीवर हात फिरवून एकेक दाणा वेचला, सोफ्याच्या पायाखालचाही. तळहातावर धरून मोजल्यासारखे बघितले आणि मगच केरात टाकले. थोरलीला म्हणाल्या, "दीदीनो चेवडो टेबल पर, हं."

घशात काही अडकलं तर काय करायचं हे आम्ही तिघींनी मिळून डॉक्टरांकडे शिकून घेतलं: मूल पुढे झुकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताने पाच थापा, तरी निघालं नाही तर वर्षाखालच्या बाळाला छातीवर दाब आणि त्याहून मोठ्याला पोटावर. नर्सने बाहुलीवर करून दाखवलं. सासूबाई वॉकर घेऊन मुद्दाम आल्या होत्या. फ्रिजवर मोठ्या अक्षरात १०८, डॉक्टरांचा नंबर, समोरच्या फ्लॅटचा नंबर. औषधं आता कुलपात, किल्ली माझ्याकडे, बाहेर फक्त थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं. पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, हेही मासींना सांगितलं. कुठलंही औषध मला फोन केल्याशिवाय नाही. हे सांगताना पहिल्या बाईंचं काय झालं ते मी मासींना खरं सांगितलं. त्या कितीतरी वेळ धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

कॅमेऱ्यावरून आमच्यात वाद झाला. नवऱ्याला लपवून लावायचा होता. मला ते पटेना. शेवटी हॉलमध्ये एक लावला, मासींना दाखवून, त्याचं तोंड कुठे आहे ते सांगून. मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. पहिल्या बाई असताना कॅमेरा असता तर मला काय दिसलं असतं? पाळण्यात शांत झोपलेलं बाळ. मी ते बघून खूशच झाले असते.

थोरलीशी बोलणं सगळ्यात नाजूक. तिला आधीपासून सांगत आलो होतो की आपल्या अंगाच्या खासगी जागा कोणत्या, अंघोळ कोण घालेल, आणि "आईला सांगू नकोस" असं कुणीही म्हटलं तर ते लगेच आईलाच सांगायचं. या वेळी हे सगळं मी मासींच्या समोर सांगितलं, मुद्दाम. ज्यांच्या मनात काही नाही त्यांना याचा राग येत नाही. मासींनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मी काही केलेलं नाही आवडलं तर तेही आईला सांगायचं." मग दोघी मिळून १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ करत बसल्या. रोज रात्री मी तिला विचारते, आज काय मजा आली, काय नाही आवडलं. कधी ती म्हणते, मासीने दूध पूर्ण प्यायला लावलं. मी ते ऐकून घेते, हसण्यावारी नेत नाही. आज दुधाचं सांगितलं की उद्या दुसरं काही असेल तर तेही सांगेल, अशी माझी आशा आहे.

मासी रोज वही लिहितात. माझी मागणी नव्हती, त्यांनीच थोरलीकडून एक जुनी वही मागून घेतली. पाचवीपर्यंत शिकल्या आहेत, गुजरातीत लिहितात, अक्षर मोठं आणि वळणदार. किती वाजता झोपला, किती वाजता उठला, काय खाल्लं. झोपेच्या वेळा मी रोज बघते. दीड तास, एक तास चाळीस मिनिटं, एकदा फक्त पन्नास मिनिटं आणि पुढे "किरकिर केली".

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी साडेचारच्या आत मासींचा फोन आला. व्हिडिओ कॉल. हॅलो म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बेन, बाबो पडी गयो छे. खुर्चीवर चढला होता, मी गॅसपाशी होते. मला दिसला नाही." कॅमेरा त्याच्या कपाळावर नेला. सुपारीएवढं टेंगूळ, त्यावर रुमालात गुंडाळलेला बर्फ. तो रडून रडून लाल झालेला, पण फोनकडे हात करत होता. उलटी नाही, झोपेला आलेला नाही, डॉक्टरांना फोन करून झालाय, सासूबाई जवळ बसल्यात, एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मी बॅग उचलली, काळ्या घोड्याच्या पुलावरून रिक्षा निघाली तरी माझे हात थरथरत होते.

घरी पोहोचले तर तो सासूबाईंच्या पलंगावर टेकून बसला होता आणि मासी वही लिहीत होत्या. सासूबाईंनी वही ओढून घेतली आणि चष्मा लावून मला मोठ्याने वाचून दाखवलं: "४.१० पडला. चूक माझी. ४.२० छानो रह्यो (रडायचा थांबला). बेनला फोन केला. पछी आखुं केळुं खाधुं."